बार्लो साहेबाचं मॅग्नम

११ ऑक्टोबर १९८२, खासबाग, बेळगाव

कचेरीतून आत्ताच आलो. डोकं तापलं आहे, म्हणून ही वही काढली. घरात बोलायची सोय नाही. बायकोला, म्हणजे अक्काताईला, सांगायला गेलो तर ती म्हणणार, "मग द्या की टाकून ते लोखंड."

हत्यारांच्या परवान्याचं टेबल सांभाळणारा कारकून माझ्या नातवाच्या वयाचा. माझ्या सहीकडे बघून म्हणतो, "अज्जा, सही हलतीय री. उद्या बोट हललं म्हंजे?" मी म्हणालो, "बाबा, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून ते रिव्हॉल्वर माझ्याकडं आहे." त्यावर शेजारचा शिपाईसुद्धा हसला.

एकूण असं ठरलं की डिसेंबरअखेर परवाना संपतो. पुढे चालू ठेवायचा तर डोळ्यांचा आणि हातांचा डॉक्टरी दाखला आणायचा. तो मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. नाहीतर लायसन मिळू शकेल अशा दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं. तेही नाही जमलं तर सरकारजमा. सरकारजमा झालेल्या हत्याराचं काय होतं, विचारलं. "गंजतंय. मग एक दिवस भट्टीत घालत्यात," म्हणाला आणि पेन कानात घालून खाजवत बसला.

बेंगळूरच्या चिरंजीवांना पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं आहे. घरात लहान मुलं आहेत, असली वस्तू नको. पोरगा शाळेत असल्यापासून मी त्याच्याकडून वीररसाच्या कविता पाठ करवल्या, त्याचा हा उपयोग.

राहिला एकच माणूस, जो उद्या मागायला येईल आणि दोन्ही हातांनी घेईल. निपाणीचा मष्णू. त्याच्या घरात जाण्यापेक्षा भट्टीत गेलेलं पुरवलं.

१४ ऑक्टोबर

दुपारी दार लावून मॅग्नम बाहेर काढलं. तेल दिलं.

अमेरिकेत बनलेलं, तीनशे सत्तावन्न बोअरचं. आमच्या लाकूड कंपनीच्या बार्लो साहेबाने सन अडतीसमध्ये मागवलं, तेव्हा या मुलखात असलं दुसरं नव्हतं. हातात घेतलं की मनगट आधी खाली जातं आणि मग सावरतं. त्याच्या वजनाला मान देऊन नमस्कार केल्यासारखं वाटतं. सहा घरांचं चक्र बोटाने फिरवलं की जी बारीक टिकटिक होते ती मी डोळे मिटून ऐकतो. आमचे पंत मास्तर छडीने टेबलावर मात्रा मोजायचे, तसा तो आवाज. लघू, गुरू, लघू, गुरू. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. खानापूरच्या वखारीत मी बत्तीस वर्षं सागवान, शिसव, मत्ती, किंदळ मोजलं, पण इतकं रेशमी लाकूड हाताखालून गेलं नाही.

आणि तो रंग. लोक काळं म्हणतात. काळं नाही ते. खिडकीशी धरलं की गुंजीच्या रानावर पाऊस उघडल्यावर जसं आभाळ दिसतं, तसलं खोल निळं पोलाद.

चौतीस वर्षांत मी ते झाडलं किती वेळा? चार. चारही वेळा हवेत. पण असली वस्तू झाडण्यासाठी नसते. वर्गात ज्या कवितेने अंगावर काटा आला ती काही कुणी बाजारात जाऊन वापरत नाही.

कोल्हापूरच्या सरनोबतांचं पत्र आलं. काडतुसांच्या दुकानदाराकडून त्यांना कळलं म्हणे. मोठे शौकीन आहेत, जुनी रिव्हॉल्वरं जमवतात. "मूळ निळाई शाबूत असल्यास मागाल ते देईन," असं लिहिलं आहे. महिनाअखेर येतात. म्हणजे भट्टीही टळली आणि मष्णूही टळला.

१९ ऑक्टोबर

सरनोबतांनी हत्याराचा इतिहास लिहून ठेवा म्हणून कळवलं होतं. लिहायला बसलो.

सन एकेचाळीस, चैत्राचा महिना, सकाळची वेळ. गुंजीच्या पुढच्या रानात साहेब झाडं निवडत होता. मी वखारीचा कारकून, हातात वही. मष्णू ठसेवाला. निवडलेल्या झाडाच्या बुंध्यावर घणाने कंपनीचा ठसा मारायचं त्याचं काम. करवंदीच्या जाळीतून अस्वलीण निघाली, मागे दोन पिल्लं. साहेब मागे सरता सरता खड्ड्यात पडला, पायाचं हाड मोडलं, हातातलं मॅग्नम चार हातांवर उडालं. आम्ही दोघांनी प्रसंगावधान राखलं. एकच बार झाला. अस्वलीण पडली. मष्णूच्या डाव्या हाताची दोन बोटं तिने नेली. मी त्या वेळी थोड्या उंचावर असल्यामुळे मला सगळं स्पष्ट दिसलं.

या प्रसंगावर मी एक कविता योजली आहे. शालिनी वृत्तात.

गर्जोनी ये काळ जेव्हां समोरी,
राहे तेथें स्तब्ध तो एक वीर.

पुढच्या चरणात वीराचं नाव यायला हवं. गेली तीस वर्षं तिसरा चरण बसत नाही.

अठ्ठेचाळीस साली साहेब विलायतेला गेला आणि जाताना मॅग्नम माझ्या हाती दिलं. इतिहास संपला. मष्णू मात्र अजून गावभर सांगतो की ते त्याचं आहे. परवान्यासाठी इंग्रजी अर्ज लागतो. अर्ज मी लिहिला. आणि दोन बोटं नसलेल्या माणसाला सरकार लायसन देत नाही, हे मी त्याला तेव्हाच समजावून सांगितलं होतं.

पुढे तो निपाणीला गेला, तंबाखूत पडला, वर आला. पन्नास-पंचावन्नच्या सुमाराला त्याने पहिलं लायसन काढलं. तीन बोटांच्या हाताने. त्यानंतर दर दसऱ्याला तो आपट्याची पानं घेऊन खासबागेत येतो. "सोनं घे" म्हणायचं आणि मग सांगायचं, "परश्या, औंदा आनी एक घेतलं." आता नऊ झाली. सगळी मोठ्या चौकटीची, जड, अमेरिकन. कुठून कुठून आणतो. नऊ झाली तरी माणसाची हाव भागत नाही. तसल्याच वस्तू पुन्हा पुन्हा कशाला घ्यायच्या, हे मला कळलेलं नाही.

२६ ऑक्टोबर, खंडेनवमी

माझा घात झाला.

दर नवमीला पाटावर मॅग्नम, शेजारी माझा वखारीतला टाक आणि विळी, कोयता असं मांडून पूजा होते. मी सकाळी फुलं आणायला गेलो. येऊन बघतो तर पाटावर चांदीच्या भांड्यासारखं काहीतरी लखलखतंय. मला आधी ओळखच पटली नाही.

अक्काताई हात पुसत म्हणाली, "कोल्लापूरचं पावनं बघाय येणार न्हवं का? किती वर्सं झाली, तव्यावानी काळंकुट्ट. समयांसंगट चिचंत भिजत घातलं हुतं. मग राखंनं घासलं. हात भरून आलं माझं, पर निघालं बगा सगळं!"

चिंच आणि राख! मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. ती थक्क होऊन बघत राहिली. मग म्हणाली, "पितळंला चालतंय, तांब्याला चालतंय. ह्येला का चालत न्हाई? द्येवाच्या पाटावर मळकं ठिवायचं व्हय?" मी म्हणालो, "तो मळ नव्हता. तो त्याचा रंग होता." ती म्हणाली, "लोखंडाला कसला आलाय रंग?"

निळाई नळीच्या मुळाशी, बोटाच्या नखाएवढी राहिली आहे. बाकी सगळं पांढरंफटक. कपाळ पुसलेल्या बाईसारखं. नारळ मी फोडला नाही. तिनेच फोडला.

२७ ऑक्टोबर, दसरा

मष्णू आला. पांढरा फेटा, दारात मोटार. "काय रं परश्या, हाईस न्हवं अजून?"

"आहे. तुझी अडचण झाली का?"

"माजी कसली? यमाची झाली असंल."

मी मॅग्नम झाकून ठेवणार होतो, पण पाट अजून उचलला नव्हता. त्याची नजर आधी तिकडेच जाते. दरवर्षी जाते. तो उभ्याचा खाली बसला.

"ह्ये कुनी सोललं?"

"मीच की, भावजी," अक्काताई म्हणाली. तिचे डोळे कालपासून सुजलेले.

मी वाट बघत होतो, आता हसेल, आता हसेल. तो हसला नाही. परवानगी न विचारता त्याने ते उचललं. डाव्या हातात. उरलेली तीन बोटं मुठीवर अशी बसली की बघून मला संताप आला. बराच वेळ धरून म्हणाला, "वजन तेवढंच हाय." मग अक्काताईला म्हणाला, "वैनी, तुमी डोळं पुसा. तुमचा काय बी दोस न्हाई. ह्येच्यापाशी हाय तवर त्येचं असंच व्हायचं."

या वर्षी आणखी एक घेतल्याचं त्याने सांगितलं नाही. नुकसान बघून पोट भरलं असावं.

३१ ऑक्टोबर

सरनोबत येऊन गेले. डोक्यावर इंग्रजी टोपी, खिशात भिंग. माझ्या घराकडे त्यांनी असं बघितलं जसं मी वखारीत पोखरलेल्या ओंडक्याकडे बघायचो.

तरी माणूस जाणता. भिंग न लावता आधी घोडा मागे ओढून आवाज ऐकला. "ऐकलंत, बिर्जे? तिजोरीचं दार लागल्यासारखा. आता असं कोण बनवतंय? चाळीस सालाच्या आधी एकेक पुर्जा कारागीर कानशीने घासून बसवत होता. चक्रात काडतुसाची कड आत बुडते, बघा, तेवढं सुद्धा हौसेनं केलेलं. आता पोलादही हलकं आणि माणसंही. म्हणून आम्ही म्हातारे याच्यामागे वेडे."

मला क्षणभर वाटलं, माझ्या मनातलं बोलणारा माणूस या जन्मात भेटला. एवढ्यात त्यांनी ते टेबलावर ठेवलं, रुमालाने बोटं पुसली.

"पण हे मेलं. निळाई एकदाच मिळते. पुन्हा चढवली तर म्हातारीला लग्नाचा शालू नेसवल्यासारखं दिसेल. चिंचेनं घासलं म्हणता? अरेरे. तुमच्यासारख्यांच्या हाती ही वस्तू पडायलाच नको होती."

मी त्यांच्यापुढे चहा सरकवला. घरी आलेला पाहुणा.

जाता जाता म्हणाले, "एक मार्ग आहे. साहेबाचं काही पत्र? ते आणि हे रिव्हॉल्वर एकत्र असेल तर खरडलेलं असलं तरी मी घेतो. मग त्याला गोष्ट मिळते. आमच्यात गोष्टीलाही किंमत असते."

"वाळवीने खाल्लं," मी म्हणालो.

वाळवीने खाल्लेलं नाही. ट्रंकेत शाळेच्या कवितेच्या पुस्तकात आहे. चार घड्या. पण ते दाखवण्यासारखं नाही.

१३ डिसेंबर

निवडणूक आली. नियमाप्रमाणे सगळ्या परवानेवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून नेलं. जमादाराने मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, नाव लिहिलं आणि एका पेटीत टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. आत दहा-बारा गावठी बंदुका होत्या, त्यांच्यावर आपटल्याचा आवाज झाला. मी म्हणालो, "जरा सांभाळून." तो म्हणाला, "का हो, उठून चावतंय का?"

घरी रिकामा आलो. कमरेत काही नसताना कमर हलकी वाटली. हलकी वाटणं इतकं वाईट असतं हे माहीत नव्हतं.

२ फेब्रुवारी १९८३

निवडणूक झाली. इतरांची हत्यारं परत मिळाली. माझं नाही. परवाना संपला आहे. कारकून म्हणाला, "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. उद्या गेलो. पुन्हा "नाळे बर्री." सहा वेळा उद्या झाला. शेवटी कचेरीच्या साहेबाने कागदावर लिहून दिलं. सप्टेंबरअखेरपर्यंत दुसऱ्याचं नाव द्या, तोवर ठाण्यात राहील. नंतर सरकारजमा.

जमादाराला गाठून एकदा पेटी उघडायला लावली. चक्रावर तांबूस ठिपके आले आहेत. निळाई असती तर आले नसते. अक्काताईला सांगितलं नाही. तिने विचारलं, "बरं हाय न्हवं?" म्हणालो, "आहे."

११ जुलै

आज बऱ्याच दिवसांनी हसलो. नवा कायदा आला आहे. एका माणसाला तीनाच्या वर हत्यारं ठेवता येणार नाहीत. मष्णूकडे नऊ! सहा जाणार. कुठली सहा, यावर तो रात्रंदिवस झुरत असेल. तीस वर्षं दसऱ्याला येऊन माझ्या छातीवर नाचत होता. आता सोन्याबरोबर सांग म्हणावं, परश्या, औंदा सहा गेली.

अक्काताई म्हणाली, "दुसऱ्याचं गेल्यावर तुमाला एवढं ग्वाड लागतंय?" मी म्हणालो, हो, लागतं.

२० ऑगस्ट

मष्णू आला. दसरा नसताना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्ची दिली नाही, तर स्वतःच ओढून बसला.

"परश्या, ठान्यात तुजं गंजाय लागलंय म्हनं."

"तुझी गेली म्हणे सहा."

"नऊ गेली."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने नऊच्या नऊ विकून टाकली. दोन तर सरनोबतांनीच, आपली साधी विकून, घेतली. एकही ठेवलं नाही. का, म्हणून विचारलं.

"जागा करून ठेवली. तुजं माज्या नावावर कर."

"ते खरडलेलं आहे. शौकीन माणूस त्याच्यावर थुंकणारही नाही."

"ठावं हाय."

"तुला तीन ठेवता येतात. मग नऊच्या नऊ का घालवलीस?"

त्याने बशी पुढे ओढली. अक्काताईने आणलेला चहा बशीत ओतून प्याला. मग म्हणाला, "कचेरीत फारम भराय लागतंय. हत्यार कसं मिळालं, ह्येचं एक कलम हाय. त्यात काय ल्हिनार?"

"माझ्याकडून तुला."

"त्येच्या आदी. तुला कसं मिळालं त्ये. साहेबानं कागद ल्हिवताना मी म्होरं उबा हुतो, परश्या. कागद तुज्याकडं दिला. मला वाचाय येत न्हाई म्हनून. त्यो कागद कचेरीत घिऊन ये. आनी मला वाचून दाव. मगच मी सही करनार. न्हाईतर जाऊं दे भट्टीत."

गेला. माणूस नव्हे, खुन्नस आहे. एका बाजूने तो आणि एका बाजूने भट्टी. सरनोबतांकडे पुन्हा पत्र टाकून बघितलं असतं, पण त्यांनाही तोच कागद हवा.

१२ सप्टेंबर

उद्या कचेरीत जायचं आहे. दिवसभर विचार केला. तो विचार इथे प्रामाणिकपणे लिहितो, कारण ही वही कोणी वाचणार नाही.

मष्णूला इंग्रजीचं अक्षर येत नाही. मी जे वाचीन ते तो ऐकणार. "परशराम आणि मष्णू, दोघांनी माझा जीव वाचवला, मॅग्नम परशरामने सांभाळावं," असं वाचलं तर पडताळणार कोण? मराठी वाक्यं नीट जुळवून ठेवली आहेत. चार वेळा घोकली. अक्काताई म्हणाली, "काय पुटपुटताय?" म्हणालो, कविता.

१३ सप्टेंबर

कचेरीच्या आवारात पिंपळाखालच्या बाकावर बसलो. अर्ज मीच भरला. अठ्ठेचाळीसचा अर्जही मीच भरला होता. त्याच कचेरीत, त्याच पिंपळाखाली. मष्णूने फेटा काढून मांडीवर ठेवला. केस पार गेले आहेत त्याचे.

"वाच."

मी घडी उघडली. घोकलेली वाक्यं तोंडाशी होती. आणि माझ्या तोंडातून दुसरंच निघालं. कागदावर होतं तेच.

याचं कारण मी नंतर शोधून काढलं. तो कागद मला पस्तीस वर्षं पाठ आहे. आमच्या पंत मास्तरांनी अशी शिस्त लावली होती की पाठ केलेल्यातला एक शब्द बदलला तरी हातावर छडी. पाठ असलेलं मला बदलून म्हणताच येत नाही. दुसरं काही कारण नाही.

साहेबाने तीनच ओळी लिहिल्या होत्या. "हे रिव्हॉल्वर मष्णूसाठी. तो जागचा हलला नाही. कारकुनाने परवाना त्याच्या नावावर करून द्यावा."

"पुना वाच," मष्णू म्हणाला.

पुन्हा वाचलं.

"हलला न्हाई म्हंजे मीच न्हवं?"

"तूच."

"आनी तू?"

"मी झाडावर होतो."

"कुटल्या झाडावर?"

"नाण्याच्या. दुसऱ्या फांदीवर."

"तिसऱ्या," तो म्हणाला. "तुजं टमरेल खाली पडलं हुतं माज्या डोसक्यावर. मला त्या अस्वलीपरास त्येच लागलं हुतं." आणि हसला. वाईट हसला. मलाही हसू येईल अशी भीती वाटली, म्हणून मी विचारलं, "तुला सगळं माहीत होतं, तर पस्तीस वर्षं बोलला का नाहीस? कोर्टात ओढायचं होतंस."

"कोरटात कशाला? दर दसऱ्याला येत हुतो की. म्हटलं औंदा तरी देतोय का बगूया. तू आपला च्या पाजत हुतास."

"दोन बोटांचं मी खोटं सांगितलं, तेही..."

"पयलं लायसन काडलं तवाच कळलं. त्या दिशी तुला मारायला निगालतो. निम्म्या वाटंपतोर आलतो. मग म्हटलं, ह्येला मारून काय? ह्येला जगू द्यावं."

आत जाऊन त्याने अंगठ्याऐवजी सही केली. तेवढी शिकला आहे. कारकुनाने शिक्का मारला. ठाण्यातून मॅग्नम काढलं, जमादाराने चिठ्ठी तोडली. मष्णूने तांबूस ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, धोतराच्या सोग्याने पुसलं. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

मी कागद पुढे केला. "हे घे. याच्याबरोबर असलं तर त्याला किंमत येते. सरनोबत म्हणत होते."

"मला काय करायचंय? मला वाचाय येत न्हाई." त्याने माझी मूठ त्या कागदावर आपल्या तीन बोटांनी मिटवली. "तुला येतंय. तू ठेव. आनी वैर संपलं असं गावात सांगत फिरू नगंस."

१४ सप्टेंबर

सकाळी उठल्या उठल्या तिसरा चरण सुचला. अगदी आपोआप.

मष्णू त्याचें नांव, बाकी पळाले.

मात्रा मोजल्या, गण पाडले. कुठेही अडखळत नाही. लिहिला आणि खोडला. वृत्तात चूक नव्हती.

१५ ऑक्टोबर, खंडेनवमी

पाटावर मधे जागा रिकामी दिसू लागली. अक्काताईने इकडचं तिकडे सरकवून बघितलं, मग माझा टाक उचलून बरोबर मधोमध ठेवला. मी म्हणालो, "तिथं नको. कडेला राहू दे." ती म्हणाली, "का? ह्येनंच जन्मभर भाकरी दिली न्हवं?" आणि त्याला हळदकुंकू लावलं. घासला मात्र नाही. यंदा तिने विचारून घेतलं, "ह्येला घासलं तर चालतंय का?"

१६ ऑक्टोबर, दसरा

सोनं सकाळीच आणून ठेवलं. अक्काताईला म्हणालो, चहाचं आधण जरा उशिरा ठेव.

गल्लीतली माणसं येऊन गेली. दुपारी एक मोटार वाजली, ती पुढच्या घरची निघाली. चार वाजले. पाच वाजले. खुर्ची मी दाराकडे तोंड करून ठेवली होती, ऊन येतं म्हणून. खुर्च्या दोन ठेवल्या होत्या, त्याचं कारण सांगता येत नाही.

दिवेलागण झाली. अक्काताई म्हणाली, "भावजी औंदा आलं न्हाईत वाटतं."

"माजलाय," मी म्हणालो. "मिळालं की माणसाला रीतभात राहत नाही. पुढच्या वर्षी आला तर दारात उभा करणार नाही."

ती दार लावायला उठली. म्हटलं, राहू दे अजून थोडा वेळ, वारा येतोय. वारा नव्हता.

आपट्याची जुडी सुकत चालली आहे. त्यातली दोन पानं काढून साहेबाच्या कागदात घातली आणि घडी मिटली.